हसऱ्या तांडेलाची शपथ मी मोडली

महेशचे बाबा,

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. तेवढं कळवायला हे पत्र. पितृपंधरवडा चालू आहे, म्हणजे तुम्ही घराच्या आसपास कुठेतरी असणार. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तिकडेही आता आपल्या हर्णैतली पुष्कळ माणसं जमली आहेत, आणि आपल्या माणसांच्या पोटात काही राहतं का?

उभ्या जन्मात तुम्हाला पत्र लिहिलं नाही. गरजच कुठे होती? तुम्ही दर्यावर जायचात आणि चार दिवसांनी मासळीचा वास घेऊन दारात उभे. जे काय बोलायचं ते तोंडावर बोलत आले. ऋतू म्हणाली, "आजी, मोबाईलवर बोल, तो आपोआप लिहितो." म्हटलं, तो माझ्या शिव्या सुधारून लिहील. कागद दे. दुसरी पास झालेल्या बाईचं अक्षर आहे, डोळे ताणून वाचा. चष्मा तुमच्याबरोबर दिला होता, तो हरवला नाही ना?

तुम्ही गेल्या वर्षी आषाढात गेलात. दर्या बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, कुणाच्या धंद्याचा खाडा नको अशा बेताने. मरतानासुद्धा दुसऱ्याची सोय बघितलीत! मी रडले नाही म्हणून बायकांनी नावं ठेवली. ठेवू देत. मला तुमचा राग आला होता, आणि रागात रडू येत नाही.

वर्षभर मी तुमची स्तुती ऐकते आहे. हसरा तांडेल, हसरा तांडेल! होडी तुमच्या हातात, खलाशांचे जीव तुमच्या हातात, आणि तोंडावर हसू ठेवलेलं. संध्याकाळी जाळी रिकामी आली तर बाकीचे होडीवाले नाखवे एकमेकांच्या आया-बहिणी काढायचे, आणि तुम्ही रिकामी टोपली उलटी करून तिच्यावर बसायचात. "दर्याने आज मासळी दिली नाय, पण आपल्याला घेतला पण नाय. फिटंफाट!" हे तुमचं वाक्य आता बारकी पोरंसुद्धा म्हणतात. मंडळाने तुमचा हसरा फोटो फ्लेक्सवर छापून जेट्टीच्या रस्त्याला लावला. इतका मोठा, की तुमचा पडका दात म्हशीच्या शिंगाएवढा दिसतो.

मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? पण त्या हसण्याखाली आपला महेश चिरडला जात होता, ते कुणाला दिसलं नाही.

तुमच्यानंतरचा पहिला हंगाम त्याने धरला. बरा धरला. दिवाळीपर्यंत मासळी चांगली, खलाशी खूश. मग थंडीत तो गप्प होत गेला. आधी वाटलं दमला असेल. मग जेवण कमी झालं. मग आंघोळ दुपारवर गेली, मग राहिलीच. पायात चपला घालून पडवीत बसायचा आणि कुठे जायचा नाही. मोबाईल वाजला की दचकायचा. आपली सून सुवर्णा माझ्याकडे येऊन म्हणाली, "आई, ह्यांना झोप नाय. रात्रभर कौलं मोजतात." मी म्हटलं, मोजू दे, दोन फुटलीत तीही सापडतील. असं म्हटलं खरं, पण त्या रात्री मीही झोपले नाही.

कारण मला ते तोंड ओळखीचं होतं. एकदा बघितलेलं होतं.

शिमग्याला त्याने होडी शांतारामच्या ताब्यात दिली. आपला जुना खलाशी, माणूस भला, पण नाखव्याचा पोरगा घरात आणि होडी खलाशाच्या हातात म्हटल्यावर गाव काय बोलणार? कुणी म्हणालं, बापाच्या जागी उभा राहिला, बापाची सावली पडली. कुणी कोंबडा सुचवला, कुणी भगताचं नाव. तुमचे चुलतभाऊ, दत्ताराम भाऊजी, रोज येऊन पडवीच्या कठड्यावर बसायचे. "महेशा, अरे बाप आठव! असा हसत ऱ्हायचा!" आणि भाऊजी गेले की महेश आणखी वीतभर खाली जायचा.

एक दिवस मी कोलंबी सोलत होते. मागे येऊन उभा राहिला. "आये, बाबांना असं कधी झालं काय?"

मी मान वर केली नाही, पुढची कोलंबी उचलली. 

"नाय ना?" तो म्हणाला. "म्हणजे खोट माझ्यातच हाय."

तुम्ही काय करून ठेवलंत, बघा! तो रांगत होता तेव्हा त्याच्या डोक्यावर माझा हात ठेवून तुम्ही शपथ घातलीत, की हे कुणाला सांगणार नाहीस. अहो, शपथ घालायला दुसरं कुणाचं डोकं नव्हतं का? स्वतःचं घ्यायचं, भाऊजींचं घ्यायचं! पोटच्या पोराच्या डोक्यावरची शपथ आई कशी मोडणार? मी ती पाळली. तुम्ही मेल्यावरही पाळली. आणि ज्याच्या डोक्याला काही होऊ नये म्हणून पाळली, तोच माझ्यासमोर बुडत होता.

मग शेवटचा धक्का बसला. तो सुवर्णाला म्हणाला, "माझ्यावाचून तुमचं काय अडणार नाय. उलट बरं चालेल." तिने ते मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी उठले, नारळ घेतला आणि ग्रामदेवीच्या देवळात गेले.

गुरव म्हणाला, "काय गाऱ्हाणं घालू, आजी?"

म्हटलं, "तू नारळ फोड. गाऱ्हाणं माझं मी घालते."

"असं चालत नाय. देवीला नीट सांगावं लागतं."

"तुझ्यापेक्षा जुनी ओळख हाय माझी तिची. बाजूला हो."

तो पुटपुटत बाजूला झाला. मी देवीला म्हटलं, आये, तू पण बाई आहेस, तुला फोडून सांगत नाही. ल्येकाच्या डोक्यावर एक शपथ आहे. ती तिथून उचल आणि माझ्या डोक्यावर ठेव. मी ती मोडणार आहे. जे काय व्हायचं ते मला होऊ दे, माझं असंही झालंच आहे. एवढं बोलले, अर्धा नारळ घेतला आणि घरी आले.

आता तुमच्या वर्षश्राद्धाचं सांगते.

पडवीत आणि अंगणात मांडव घालून पंगत बसली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भोपळ्याची भाजी. तुम्हाला आवडतं तसं सांबारं दाट होतं. मंडळाच्या पोरांनी तो फ्लेक्स सोडवून आणून आपल्या दारात बांधला होता. जेवता जेवता सगळे तुमच्या गोष्टी काढत होते. आणि दत्ताराम भाऊजींनी, वडा अर्धा तोंडात, महेशकडे बोट केलं.

"फोटो बघ बापाचा! उभ्या आयुष्यात ह्या माणसाला तोंड पाडून बसलेला कोणी बघितला नाय. आणि तू बघ. चांगली होडी, चांगली बायको, पोरगी कॉलेजात. तुला रे काय कमी पडलं?"

महेश पानावरून उठला. बापाच्या श्राद्धाच्या पानावरून! सुवर्णा खिरीचं पातेलं घेऊन उभी होती, तिने ते तिथेच खाली ठेवलं.

मी म्हटलं, "महेश, खाली बस. आणि भाऊजी, तुम्ही तोंडातला घास गिळा आधी, नायतर ठसका लागेल. मी काय सांगते ते ऐका. तोंड पाडून बसलेला तुम्ही नाय बघितला. मी बघितला. सहा महिने बघितला. ती मागची खोली हाय ना? तिथं, भिंतीकडे तोंड करून."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, ते काविळीचं. कावीळ झालेली त्याला. आठवतंय मला."

"कावीळ मी पसरवली गावात. ह्यांना कसली कावीळ? बाहेर येत नव्हते, अन्न नको, माणूस नको, तान्हं पोरगं मांडीवर दिलं तर हात उचलत नव्हते. काय सांगणार होते मी लोकांना?"

शेजारची सखूमावशी वाकून म्हणाली, "मग काय झालेलं गो?"

म्हटलं, "मन बसलेलं. होडी वाळूत बसते तसं. आणि मी त्यांना रत्नागिरीला नेलं."

पंगतीतले हात थांबले. तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे 'रत्नागिरीला नेला' म्हटलं की कोर्टकचेरी कुणाच्या मनात येत नाही. वेडा झाला, एवढाच अर्थ. तुम्ही तेवढ्यासाठीच शपथ घातली होती ना? तांडेल वेडा आहे म्हटल्यावर कोण खलाशी होडीवर चढणार! तुमचं तेव्हा चुकलं असं मी म्हणत नाही. तो काळ तसा होता. पण तुम्ही बरे झालात, पोरगा मोठा झाला, त्याला मिशा फुटल्या, तेव्हा तरी एकदा त्याला बाजूला घेऊन सांगायचं होतंत! दर्यावर चार चार दिवस दोघं एका होडीत. काय बोलायचात हो तुम्ही बापल्येक? नुसतं जाळं आणि डिझेल?

असो. मी सगळं सांगितलं. एसटीने दापोली, तिथून खेड, तिथून पुढे, तुम्ही खिडकीला डोकं टेकून, महेश माझ्या कडेवर ओकलेला. डॉक्टरने गोळ्या दिल्या. दर महिन्याला जायचं. आणि दर महिन्याला गावाला काय कारण सांगायचं, तर तुम्ही सांगितलंत, बायकोला मूळव्याध आहे! रोग तुमच्या मनाला आणि बोभाटा माझ्या मुळाचा!

सखूमावशीच्या हातातला वडा पडला. "म्हणजे तुला मूळव्याध नव्हती?"

"कधीच नव्हती."

"मेले, मी तुला तीन वर्षं माझ्या परड्यातला सुरण दिला! भाजून, ताकातून!"

"खाल्ला मी. चांगला होता."

पंगत अशी हसली की वाढणारी पोरं धावत आली. तुमच्या श्राद्धाला! भाऊजीसुद्धा हसले, खीर नाकातून बाहेर आली. एकटा महेश हसला नाही. पण तो पानावर परत बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. किती महिन्यांनी त्याने कुणाकडे सरळ बघितलं होतं.

"आये, मग बाबा हसायला कधी लागले?"

तो प्रश्न मला पाहिजे होता. म्हटलं, बाबा हसायला लागले ते असं एका दिवसात नाही. गोळ्यांनी झोप आली, मग भूक आली, मग भांडण आलं. पुढे डॉक्टरने गोळ्या हळूहळू उतरवल्या, तेव्हा सांगितलं, आता सांभाळायचं. आणि ह्या माणसाने सांभाळलं! होडीला आपण दर पावसाळ्यात वर काढतो की नाही? घासतो, फटीत कापूस ठासतो, तेल पाजतो. चांगली चालतेय म्हणून एक वर्ष सोडलं तर दर्या सोडत नाही. तसं बाबांनी स्वतःला केलं, मरेपर्यंत. उजाडायच्या आधी उठायचं. मन नसलं तरी आंघोळ करून जेट्टीपर्यंत चालत जायचं. भूक नसली तरी चार माणसांच्या पंगतीत बसायचं. बाटलीला हात लावायचा नाही. गाव म्हणायचं, माळकरी झाला! कसला माळकरी, मासे तर ताटभर खायचे. आणि झोपायची वेळ झाली की लिलाव असो, भजन असो, उठून घरी. लोक टिंगल करायचे, बायकोला भितो म्हणून. माझ्या धाकाचं नाव तेवढं उपयोगी पडलं.

आणि मी आपल्या दोघांतलं तेही सांगितलं. रागावलात तरी चालेल. जाळं किती खोल सोडलं ते आपण वावात सांगतो, एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं. रोज संध्याकाळी तुम्ही पाय धुऊन आलात की मी विचारायची, "आज किती वाव?" आणि तुम्ही खरं सांगायचात. कधी म्हणायचात, "घोट्याएवढं." कधी, "कमरेला हाय, चालेल." एखाद्या दिवशी, "वाव भरलं गो, नाकाशी आलंय." त्या दिवशी मी काही विचारायची नाही, भांडायची नाही, तुमच्या शेजारी बसून मासे साफ करायची. गावाला जो हसरा तांडेल दिसला, तो कित्येकदा कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलेला असायचा. तरी हसायचा! ते हसू खोटं नव्हतं हो. मेहनतीचं होतं.

पंगतीला मी शेवटी काय म्हटलं, ते तुम्ही ऐकलंत की नाही, ठाऊक नाही. मी म्हटलं, "जन्माला येतानाच हसरे आलेले पुष्कळ असतात, त्यात त्यांचं काय कौतुक? माझा नवरा तळाला जाऊन वर आला आणि वर आल्यावर परत होडी धरली. मला त्याचा अभिमान हाय. त्या फोटोतल्या दातापेक्षा जास्त हाय."

एवढं बोलून मी सांबारं वाढायला लागले. 

सगळे गेले. महेश मागल्या दारी पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. म्हटलं, "महेश, आज किती वाव?"

त्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाला, "डोक्यावरून गेलंय, आये."

अहो, मी तुमची चिता बघितली तेव्हा रडले नव्हते. तिथेही रडले नाही. पण पदराने चष्मा पुसला, एवढं तुम्हाला सांगते. म्हटलं, "मग हात वर कर. ओढायला आम्ही हावो."

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तो, सुवर्णा आणि मी. सुवर्णा म्हणाली, गाडी करूया, कुणाला दिसायला नको. महेशच म्हणाला, एसटीने जाऊ. स्टँडवर तो चहावाला, कुणाच्या घरात काय शिजलं ते ज्याला सकाळीच माहीत असतं तो, ओरडला, "काय नाखवा, सगळं कुटुंब घेऊन कुठे?"

मी तोंड उघडलं होतं. माझी गुडघेदुखी तयार होती. ह्या वेळी मूळव्याध नको म्हणून आदल्या दिवशीच ठरवली होती.

आणि आपला महेश म्हणाला, "रत्नागिरीला. डॉक्टरकडे. माझं मन ठीक नाय."

भर स्टँडवर! चार माणसं वळून बघायला लागली. चहावाला गडबडला. "परत... परत कधी?"

"उद्या. ठेवून घेत नायत आता, घाबरू नको."

सुवर्णा माझ्याकडे बघते, मी सुवर्णाकडे बघते. तो विनोद होता! फार मोठा नाही, पण त्याचा होता. महेशचे बाबा, तुम्ही तुफानात होडी वळवून आणलीत ते गाव अजून सांगतं. मी तुम्हाला सांगते, त्या स्टँडवर तुमच्या पोराने त्याहून मोठी होडी वळवली. जे तुम्हाला जन्मभर जमलं नाही, ते तो एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून बोलून गेला. तुम्हाला कमीपणा आला असं वाटून घेऊ नका. बापाच्या पुढे पोरगा गेला तर बापानेच मिशी पिळायची असते.

डॉक्टर एक बाई निघाली. कोवळी, आपल्या ऋतूहून थोडी मोठी. तिने आधी मलाच बाहेर बसवलं! मी म्हटलं, मी आई आहे. ती म्हणाली, "म्हणूनच, आजी." काय समजायचं ते समजले आणि बाकावर जाऊन बसले. महेश आत इतका वेळ बोलला, की माझी पानाची चंची रिकामी झाली. बाहेर आला तेव्हा डोळे लाल आणि खांदे उतरलेले. ओझं उतरल्यावर हमालाचे उतरतात तसे.

लगेच बरा झाला असं लिहिणार नाही. तुम्हाला खोटं लिहून काय मिळणार? पहिले कितीतरी दिवस नुसता झोपला. गोळीने तोंड कोरडं पडतं म्हणून कुरकुर. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली ती शांतारामच्याच हाताने गेली, महेश लांब वाळूत उभा राहून बघत होता. मी त्याला पुढे हो म्हटलं नाही. तुमच्या वेळी शिकले होते, घाई केली की माणूस उलटा आत जातो. गणपतीत आरतीला उभा राहिला, टाळ घेतला नाही. पण मी रोज विचारते आणि तो रोज सांगतो. आता ऋतूही विचारते. परवा तिने विचारलं तर म्हणाला, "आधी तू सांग." पोरगी रडायलाच लागली. तिला पण कॉलेजात काहीतरी डाचत होतं, आम्हाला पत्ता नव्हता. एक जण खरं बोलला की दुसऱ्याचं झाकण सैल होतं, हे मला ह्या वयात कळलं.

दत्ताराम भाऊजी? ते एका दुपारी मागल्या दाराने आले. म्हणाले, "वहिनी, त्या डॉक्टरणीचा नंबर हाय काय? आमच्या ओळखीत एक जण हाय." मी नंबर दिला. ओळखीतला तो एक जण कोण, ते मी विचारलं नाही. त्यांच्या चपला दारात असतात तेव्हा मीही आता जरा हळू बोलते. जरा.

आणि गेल्या आठवड्यात काय झालं माहीत आहे? मी बांगड्याचं कालवण केलं होतं. महेशने एक घास घेतला आणि ताट ढकललं. "आये, तिरफळं घातलीस की होडी बुडवलीस? जीभ बधिर झाली!"

मी उलटून म्हटलं, "तुझ्या बापाने पन्नास वर्षं असंच खाल्लं!"

"म्हणून तो हसायचा! चव कळत नव्हती त्याला!"

आम्ही मायल्येक असे भांडलो, असे भांडलो, की सुवर्णा दाराआड तोंडावर पदर धरून उभी. मुळुमुळु खाणारा पोरगा माझ्या कालवणाला नावं ठेवतो आहे! मी रागाने भांडी आपटत होते आणि आतून देवीला म्हणत होते, अजून एक नारळ लागू झाला तुला.

आज पहाटे तो दर्यावर गेला. म्हणून हे पत्र आज.

भाऊजी म्हणाले, पितृपक्षात कोण सुरुवात करतो? म्हटलं, काम जुनंच आहे, सुरुवात कसली? आणि बाप जवळपास असताना गेला तर बरंच. मी किनाऱ्यापर्यंत गेले होते. शांतारामने सुकाणू सोडून त्याला हाक मारली, "नाखवा, या, धरा." महेश म्हणाला, "अजून नाय, शांतादादा. सध्या मी जाळ्यावर." आणि मालक असून खलाशांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. एक पोरगा फिदीफिदी हसला. महेशने त्याच्याकडे बघितलं, आणि जाळ्याचं जड टोक त्याच्या हातात दिलं. बस्स. मला एवढं पुरे आहे. आपल्या अंगात आज किती जोर आहे ते ज्याला कळतं, आणि तेवढाच जोर लाजेशिवाय लावता येतो, तो बुडत नाही.

आता शेवटचं. तुमची शपथ मोडली, त्याची माफी मागणार नाही. त्या जागी नवा शब्द देते, आणि हा कुणाच्या डोक्यावर हात ठेवून नाही, माझ्या स्वतःच्या पायावर उभी राहून. त्या होडीच्या सुकाणूवर महेशचा हात मी ह्या डोळ्यांनी बघेन. पुढच्या महिन्यात असेल, पुढच्या हंगामात असेल, त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे, मी त्याला ढकलणार नाही आणि डॉक्टरणीची एक खेप चुकवू देणार नाही. ते बघितल्याशिवाय मी काही तुमच्याकडे येत नाही. तेव्हा तिकडे माझी जागा धरून बसू नका, कुणाला बसायचं असेल तर बसू द्या.

पोरगा तुमचाच आहे. पण आता माझ्यावर गेला आहे, तोंड उघडायला लागला आहे.

तुमची,
महेशची आये